गुडघे एकमेकांना लागतात, पाऊल सपाट आहे : साडेचार वर्षांच्या मुलाच्या पायांविषयी

सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो उभा राहिला की गुडघे एकमेकांना चिकटतात आणि घोटे मात्र लांब राहतात. तळवा जमिनीला पूर्ण टेकतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा तो रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठतो. एका दुकानात त्यांना आतून उंचवटा असलेले महागडे बूट घ्यायला सांगण्यात आले आहे. तान्हेपणी मालिश नीट झाली नाही आणि पाय बांधले नाहीत म्हणून हे झाले, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. आणि शेजाऱ्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी दर आठवड्याला द्यायला सांगितली आहे. जाता जाता त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीचाही उल्लेख केला आहे : बॅडमिंटन खेळून आल्यावर तिची टाच दुखते.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात लहान मुलांच्या हाडांचे आणि सांध्यांचे काम करतो आणि थोड्याफार फरकाने हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकतो. गुडघे, बूट, मालिश आणि पुडी हे चार वेगळे प्रश्न वाटले, तरी आपल्याला खरे विचारायचे आहे ते एकच : आज दिसणारा आकार हा दोष आहे, की वाढीच्या वाटेवरचा एक मुक्काम? मुलाला न तपासता मी निदान करू शकत नाही, आणि करूही नये. त्याची उंची, दोन्ही पायांमधला फरक, चालण्याची ढब, आहार, घरातील इतरांचे पाय यांवर उत्तर बदलू शकते. ते नेमके कुठे बदलेल, हे मी त्या-त्या ठिकाणी सांगत जाईन.

आधी हाडे वाढतात कशी, हे पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणजे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. साधारण वर्ष-दीड वर्षात, कधी दोन वर्षांपर्यंत, ती भरते. परंतु उरलेला सांगाडाही जन्मतः असाच अपुरा असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. नवजात बाळाच्या अंगात हाडांचे जवळजवळ तीनशे स्वतंत्र तुकडे असतात आणि ते जुळत जुळत प्रौढपणी २०६ हाडे उरतात. लांब हाडांची टोके तर जन्माच्या वेळी बहुतांशी कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या लवचिक भागासारख्या पदार्थाची, असतात. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. दोन वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याचा एक्स-रे हातात धरून एका वडिलांनी मला अगदी घाबऱ्या आवाजात विचारले होते, ‘डॉक्टर, वाटी कुठे आहे?’ गुडघ्याची वाटी जागेवरच होती. तिचे हाड होण्यास अजून अवकाश होता. ती साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान हाडाची होऊ लागते. मनगटातील आठ छोट्या हाडांपैकी तर जन्मतः बहुधा एकही दिसत नाही, आणि शेवटचे दिसायला नऊ ते बारा वर्षे लागतात. हाताचा एक्स-रे वयाचा अंदाज देतो तो यामुळेच, आणि आपले क्रिकेट नियामक मंडळ लहान वयोगटातील खेळाडूंची पारख करताना त्याच एक्स-रेचा आधार घेते.

दुसरी गोष्ट अशी, की लांब हाड रबरासारखे मधून ताणले जात नाही. अठराव्या शतकात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोके पाडून ठेवली. पुढे पिल्लू वाढले, हाड लांब झाले, पण त्या दोन भोकांमधले अंतर होते तेवढेच राहिले. याचा अर्थ वाढ झाली ती टोकांकडे. तिथे कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो, इथे वाढीची पट्टी म्हणू. तिच्यातील पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. चळतीच्या एका बाजूला नव्या पेशी तयार होतात, दुसऱ्या बाजूच्या जुन्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती चुना साठतो आणि त्यांची जागा हाड घेते. वयात आल्यावर, मुलगा असो वा मुलगी, इस्ट्रोजेनच्या परिणामाने ही पट्टी हळूहळू संपते आणि उंची वाढणे थांबते.

सर्वच पट्ट्या सारख्या वेगाने काम करीत नाहीत. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के लांबी त्याच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे गुडघ्यालगतच्या, पट्टीतून येते. नडगीच्या हाडाची वाढही खालच्या टोकापेक्षा गुडघ्याकडे अधिक होते. दोन्ही मिळून पायाच्या एकूण वाढीतील जवळपास दोन-तृतीयांश वाटा गुडघ्याच्या आसपासचा असतो. पट्टीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा किंचित वेगाने वाढली, तरी पायाची रेषा बदलते, आणि ती बदललेली सर्वांत आधी गुडघ्यात दिसते. मुलांचे गुडघे सतत चर्चेत असतात ते म्हणूनच. त्यात रोग क्वचितच असतो.

आता आपल्या मुलाकडे येऊ. गर्भाशयात पाय दुमडलेले असल्यामुळे तान्ही मुले फेंगडी दिसतात. दोन गुडघ्यांच्या मधून हात जाईल एवढी फट असते. चालायला लागल्यावर दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पाय सरळ दिसू लागतात. आईवडिलांना हायसे वाटते, आणि नेमके त्यानंतर पाय उलट्या दिशेला झुकू लागतात. गुडघे आत येतात, घोटे लांब जातात. हा झुकाव तीन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. पुढे तो कमी होत होत सात-आठ वर्षांपर्यंत पाच ते सात अंशांवर स्थिरावतो, आणि तेवढा झुकाव प्रौढ माणसाच्या पायातही असतोच. १९७५ मध्ये फिनलंडमधील सॅलेनियस आणि वांका या डॉक्टरांनी हजाराहून अधिक मुलांच्या गुडघ्यांचे कोन मोजून हे वेळापत्रक मांडले; आम्ही आजही तेच प्रमाण मानतो. साडेचार वर्षांचा मुलगा या वेळापत्रकात शिखर ओलांडून नुकताच उतरणीला लागलेला असतो. आपण आज जे पाहता आहात ते त्या वयात दिसणे अपेक्षितच आहे.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका, मोजा. मुलाला चड्डीवर, अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करा. गुडघ्याच्या वाट्या समोर असाव्यात आणि गुडघे एकमेकांना जेमतेम टेकलेले असावेत. दाबून चिकटवलेले नकोत. दोन्ही घोट्यांच्या आतल्या उंचवट्यांमधले अंतर शिवणाच्या टेपने मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. या वयात साधारण आठ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर मी निव्वळ निरीक्षणावर सोडतो. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. दर आठवड्याला मोजू नका. त्याने मोजणाऱ्याचीच झोप जाते. अंतर कमी होत असेल किंवा मूल उंच होत असताना तेवढेच राहिले असेल, तर दिशा योग्य आहे. एकच पाय वाकडा असेल, अंतर वाढत चालले असेल, सात वर्षांनंतरही गुडघे एकमेकांवर घासत असतील, मूल वयाच्या मानाने फार बुटके असेल, किंवा दोन वर्षांनंतरही पाय फेंगडेच असतील आणि अधिकाधिक वाकत असतील, तर मात्र एक्स-रे आणि रक्ततपासणी करावी लागते. अशा थोड्या मुलांसाठी आमच्याकडे एक चांगला उपाय आहे. वाढीच्या पट्टीच्या एका बाजूला छोटी धातूची पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात. ती बाजू थबकते, दुसरी वाढत राहते, आणि मुलाची स्वतःची वाढच पाय सरळ करते. मग ती धातूची पट्टी काढून टाकायची. याला वाढ शिल्लक असावी लागते, म्हणून खऱ्या दोषाच्या बाबतीत फार उशीर परवडत नाही. परंतु चार वर्षांच्या निरोगी मुलावर याचा विचारही कोणी करू नये.

पावलाचे वेळापत्रक याहून संथ आहे. लहान मुलाच्या तळव्यात कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात, त्यामुळे वजन पडले की कमान झोपते. ती पहिल्या दहा वर्षांत हळूहळू उभी राहते. घरी एक परीक्षा करता येते : मुलाला भिंतीला हात टेकवून टाचा उचलायला सांगा आणि मागून पाहा. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसली आणि टाच किंचित आत वळली, तर पाऊल लवचिक आहे, आणि लवचिक, न दुखणाऱ्या सपाट पावलाला उपचार लागत नाही. कमान चवड्यांवरही दिसत नसेल, पाऊल ताठ असेल, दुखत असेल किंवा पोटरीचे स्नायू आखडल्यामुळे टाच जमिनीला नीट टेकत नसेल, तर ते वेगळे प्रकरण आहे आणि ते दाखवलेच पाहिजे.

बुटांविषयी मी जरा ठामपणे बोलतो, कारण या एका गोष्टीवर पालकांचे पैसे फार जातात. अमेरिकेत लवचिक सपाट पाऊल असलेल्या एक ते सहा वर्षांच्या मुलांचे गट पाडून काहींना विशेष बूट किंवा आतली गादी आणि काहींना काहीही न देता तीन वर्षे पाहण्यात आले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमान सर्वच गटांत सारखीच सुधारली. याहून आपल्या जवळचा अभ्यास मणिपालच्या डॉक्टरांचा आहे. राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये मांडले, की अनवाणी वाढणाऱ्या मुलांपेक्षा बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पावलाचे प्रमाण अधिक होते. पायाची बोटे झाकणाऱ्या बंद बुटांत ते सर्वाधिक आढळले. तळव्यातील लहान स्नायूंना काम मिळाले की ते घडतात, हा त्याचा मला पटणारा अर्थ. म्हणून मी सांगतो, की घरात अनवाणी फिरू द्या, बागेतील मातीत आणि वाळूत पळू द्या, तळजाईच्या टेकडीवर न्या. बाहेर काच-खिळ्यांपासून रक्षणापुरते मऊ, बोटांना जागा देणारे, साधे बूट पुरेत. पाऊल दुखणाऱ्या मुलाला आतली गादी आराम देऊ शकते आणि तेवढ्यासाठी मीही ती कधीकधी देतो. पण ती कमान घडवते, असे सांगून विकणे मला मान्य नाही.

आमच्या शाखेचे नावच या गैरसमजाला थोडे कारणीभूत असावे. १७४१ मध्ये निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द घडवला. त्याच्याच लेखनातले खुंटाला दोरीने बांधलेल्या वाकड्या रोपट्याचे चित्र आजही आमच्या संघटनांच्या बोधचिन्हांवर दिसते. ते चित्र मला आवडते, पण ते पाहून बांधल्याशिवाय काहीच सरळ होत नाही, असे वाटू लागते, आणि माझा रोजचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचे मनगटाजवळचे हाड मोडून जरा तिरके जुळले, तर प्लास्टर निघाल्यावर आईवडील माझ्याकडे संशयाने पाहतात. वर्ष-दीड वर्षाने तोच हात पाहिला, तर कोणता मोडला होता हे मलाही एक्स-रेवरून शोधावे लागते. वाढीच्या पट्टीजवळचा आणि सांध्याच्या हालचालीच्या दिशेतला वाक हाड स्वतःच सावरून घेते. पीळ मात्र ते तितकेसे सावरत नाही, म्हणून तो आम्ही सुरुवातीलाच काढून टाकतो.

सासूबाईंच्या मताविषयी. गुडघे एकमेकांना लागतात ते मालिश कमी झाल्यामुळे नव्हे. मालिश चांगलीच असते. बाळाला स्पर्श मिळतो, झोप लागते. पण हाडाचा कोन ती बदलत नाही. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधण्याची पद्धत मात्र घातक ठरू शकते, आणि आपण ती केली नाही हे बरे झाले. जन्माच्या वेळी खुब्याची खोबण उथळ आणि कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात मधोमध बसून राहिला, तरच ती वाटीसारखी खोल होत जाते. गुडघे वाकलेले आणि मांड्या फाकलेल्या असताना तो माथा नीट बसतो. पाय ताणून बांधले की तो बाहेर सरकण्याकडे कल होतो. दुपट्यात हात-छाती गुंडाळावी, पाय मोकळे ठेवावेत. सासूबाईंना हे सांगताना एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगा : मूल कडेवर घेण्याची आपल्याकडची रीत खुब्यासाठी अगदी उत्तम आहे, आणि पाळण्यातून उचलून थेट बाबागाडीत ठेवणाऱ्या आजच्या पिढीपेक्षा त्यांची पिढी मुलांना अधिक कडेवर घेत असे.

रात्रीच्या दुखण्याला सर्वत्र ‘ग्रोइंग पेन्स’ म्हणतात. हे नाव मला पसंत नाही. १८२३ मध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच डॉक्टरांनी हे दुखणे वाढीशी जोडले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. वास्तविक मूल सर्वांत वेगाने वाढते ते पहिल्या वर्षी, सुमारे पंचवीस सेंटिमीटर, आणि नंतर वयात येताना. हे दुखणे मात्र प्रामुख्याने तीन ते बारा या वयात दिसते, जेव्हा वाढ वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर एवढ्या शांत चालीने चालू असते. ज्या दिवशी धावपळ जास्त झाली त्या रात्री ते जास्त होते, असा पालकांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. त्याची ओळख त्याच्या सवयींवरून होते. ते संध्याकाळी किंवा रात्री येते; दोन्ही पायांत, मांडी, पोटरी किंवा नडगीत असते, सांध्यात नसते; हात फिरवला की मूल शांत होते; आणि सकाळी ते काही झालेच नाही अशा थाटात उड्या मारत असते. आपल्या मुलाचे वर्णन यात बसते, असे दिसते. अशा वेळी कोमट तेलाने पोटऱ्या चोळाव्यात, पाय हलकेच ताणून द्यावेत, जवळ घ्यावे. इथे सासूबाईंची मालिश अगदी योग्य औषध आहे.

मात्र ही ओळख चुकली तर महागात पडते. दुखणे नेहमी एकाच पायात आणि एकाच जागी असेल, दिवसाही असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजलेला किंवा सकाळी आखडलेला असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, चेहरा फिका पडला असेल किंवा अंगावर निळे डाग उठत असतील, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून थांबू नये. सांध्याचा जंतुसंसर्ग, संधिवात आणि क्वचित रक्ताचा कर्करोगही अशाच तक्रारीने सुरू होतो. एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. सात वर्षांचा एक मुलगा गुडघा दुखतो म्हणून चार महिने एका दवाखान्यात गुडघ्यावर पट्टी बांधून घेत होता. गुडघ्याचे दोन्ही एक्स-रे स्वच्छ होते, आणि ते स्वच्छ असणारच, कारण आजार खुब्यात होता. खुब्याकडे जाणाऱ्या नसेची शाखा गुडघ्याकडेही जाते, त्यामुळे खुब्याचे दुखणे मूल गुडघ्यावर हात ठेवून दाखवते. त्या मुलाला पर्थिस नावाचा आजार होता, ज्यात मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो. तेव्हापासून माझा नियम आहे, की गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा फिरवून पाहिल्याशिवाय त्याला घरी जाऊ द्यायचे नाही.

आता पुडी. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि मुडदूस आजही पुण्यात दिसतो, हे मी नाकारत नाही. मुडदुसात वाढीच्या पट्टीतील पेशी फुगतात, पण त्यांच्याभोवती चुना साठत नाही. पट्टी रुंद, मऊ आणि वेडीवाकडी होते आणि वजनाखाली पाय वाकतात. अशा मुलाची मनगटे जाड दिसतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, मूल उशिरा चालते, चिडचिडे असते, उंची मागे पडते. यांपैकी काही असेल तर मी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासतो आणि मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे काढतो. यांपैकी काही नसताना आठवड्याला साठ हजार युनिटांची पुडी महिनोन्महिने देत राहणे योग्य नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, जास्त झालेले लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि अतिरेकाने उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शेजारच्या मुलाला कोणी कोणत्या कारणासाठी पुडी दिली, हे आपल्याला ठाऊक नसते.

उन्हाबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. बाळाला सकाळचे कोवळे ऊन द्यावे, असे सर्व जण सांगतात. पण सूर्य खाली असताना त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण वातावरणातच बहुतांशी अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन उपयोगाचे, आणि बंद काचेच्या खिडकीतून आलेले तर कोणत्याही वेळी निरुपयोगी. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी उशिरा सकाळी उघड्या हातापायांनी थोडा वेळ मैदानावर खेळणे पुरते. कॅल्शियमसाठी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम लागते. एक मोठा पेला दूध सुमारे तीनशे देते. उरलेले दही, ताक, नाचणी आणि राजगिऱ्यातून सहज भरून निघते. शंभर ग्रॅम नाचणीतच साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते.

मुलापुरते एवढे : मोजणे, अनवाणी खेळणे, रात्री पाय चोळणे, आणि सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर बूट व पुडी दोन्ही नको.

मुलीचा प्रश्न आपण जाता जाता विचारला आहे, पण तो अधिक तातडीचा आहे, कारण तिथे खरेखुरे दुखणे आहे आणि त्याचे कारण खरोखरच वाढीत आहे. मुली साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी सर्वांत वेगाने उंच होतात, मुलगे त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. या काळात हाड पुढे धावते आणि स्नायू त्याच्या मागून येतात. स्नायूंतील तंतूंची संख्या जन्माच्या सुमारास बहुतांशी ठरून गेलेली असते; पुढे ते लांब होतात ते हाडाने ताण दिल्यावर, आणि जाड होतात ते नंतर, काम पडल्यावर. त्यामुळे काही महिने पोटऱ्या आणि मांड्या आखडल्यासारख्या होतात, मूल ओणवे होऊन बोटे टेकवू शकत नाही, चालणे-धावणे बावळट दिसते. काल-परवापर्यंत डौलाने खेळणारी मुलगी अचानक अडखळू लागली, तर प्रशिक्षकाने तिला आळशी ठरवू नये, अशी माझी विनंती असते. हाडातील चुन्याचा साठाही उंचीच्या मागे काही महिने राहतो, आणि मुलांची मनगटे याच वयात सर्वाधिक मोडतात.

टाचेच्या हाडाला मागच्या बाजूने वाढीची एक वेगळी पट्टी असते, आणि पोटरीचा जाड स्नायुबंध तिथेच चिकटतो. आखडलेली पोटरी, कठीण कोर्ट आणि बॅडमिंटनमधील सततच्या उड्या यांची ओढ त्या मऊ पट्टीवर पडते आणि टाच दुखते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलांत हे फार सामान्य आहे. याचाच भाऊबंद गुडघ्याखाली, नडगीच्या उंचवट्यावर दिसतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखली, तर निदान जवळजवळ पक्के. एक्स-रेवर त्या पट्टीमागचे हाड तुकडे झाल्यासारखे दिसते, पण ते न दुखणाऱ्या मुलांतही तसेच दिसते. म्हणून दोन्ही टाचा सारख्याच दुखत असतील तर मी सहसा एक्स-रे काढतच नाही. एकच टाच दुखत असेल, सूज असेल किंवा रात्री दुखत असेल, तर काढतो.

उपाय सोपा आहे, पण धीराचा आहे. खेळ पूर्ण बंद करू नका. आठवड्यातील दिवस आणि उड्यांचे सराव निम्मे करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच दुखते का, यावर पुढचे ठरवा. भिंतीला हात टेकवून, मागचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, तीन-चार वेळा करावा. बुटात टाचेखाली मऊ गादी द्या. मुलाच्या बुटांना नकार देऊन मुलीच्या बुटात गादी देतो आहे हे खरे, पण इथे ती ओढ कमी करण्यासाठी आहे, आकार बदलण्यासाठी नाही. काही आठवड्यांत बहुतेकांना उतार पडतो, मधूनमधून पुन्हा दुखते, आणि टाचेची पट्टी जुळून आली की ते कायमचे थांबते. प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील ताकदीचे व्यायाम करायला हरकत नाही. त्याने उंची खुंटते, ही भीती निराधार आहे.

दोघांना दाखवायला नेणार असाल, तर मुलाची वाढदिवसाची जुनी उभी छायाचित्रे घेऊन जा. त्यांतून पायांची दिशा मला एका एक्स-रेपेक्षा अधिक कळते. अनवाणी चालतानाचा समोरून आणि मागून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या, कारण दवाखान्यात मुले हमखास वेगळीच चालतात. मुलीच्या उंचीच्या शाळेतील नोंदी आणा. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यावर, ज्याच्या कामात पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे, त्या मांडल्या की ती वेगाच्या शिखराआधी आहे की नंतर, हे कळते आणि टाच आणखी किती काळ त्रास देईल याचा अंदाज बांधता येतो. आणि तिचे रोजचे खेळाचे बूट न धुता आणा. तळ कुठे झिजला आहे ते पाहायचे असते.